शनिवार, दुपारी चार : ब्रिटनच्या टीव्हीवरच्या जुन्या कुस्त्यांना गुण देतोय

चार_वाजले

मंडळी, गेल्या पावसाळ्यात घोटा मोडून दीड महिना पलंगावर पडून होतो. वाचायची पुस्तकं उशाशी तशीच राहिली आणि मी बघितल्या त्या ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवरच्या जुन्या कुस्त्या. मोजल्या नाहीत, पण दोनशेच्या खाली नसाव्यात. बायकोने एकदा डोकावून विचारलं, "हे दोघे काका कशावरून भांडतायत?" त्यातल्या एकाचं टक्कल, दुसऱ्याचं पोट सुटलेलं, आणि रिंगला खेटून पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या आज्या. तिचा प्रश्न रास्त होता.

आपल्या वयाच्या लोकांना टीव्हीवरची कुस्ती म्हटलं की केबलवरची डब्ल्यूडब्ल्यूएफ आठवते. ट्रम्प कार्डं, मधल्या सुट्टीतल्या मारामाऱ्या, अंडरटेकरला सात जन्म असतात ही खात्रीलायक बातमी. हे प्रकरण त्याच्या कितीतरी आधीचं. पहिलं प्रक्षेपण ९ नोव्हेंबर १९५५ ला, पूर्व लंडनच्या वेस्ट हॅम बाथ्समधून. १९६५ च्या जानेवारीत 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' हा शनिवारचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात दुपारी चारची जागा कुस्तीची. आधी घोड्यांच्या शर्यती, मग कुस्ती, मग फुटबॉलचे निकाल. त्या निकालांवर पैसे लावलेली जनता कूपन घेऊन आधीच टीव्हीसमोर येऊन बसायची, त्यामुळे कुस्तीला घरबसल्या गर्दी. १९८५ च्या सप्टेंबरात कार्यक्रम गुंडाळला, कुस्ती सुटी होऊन आणखी तीन वर्षं रेटली आणि डिसेंबर १९८८ मध्ये तीही गेली.

नियम आधी सांगतो, कारण सगळी गंमत त्यात आहे. १९४७ च्या सुमारास लॉर्ड माउंटइव्हान्स यांच्या नावाने ते आले. हे गृहस्थ आरमारातले, कॅप्टन स्कॉटबरोबर अंटार्क्टिकाला जाऊन आलेले. लढत राऊंडांची. तीनपैकी दोन फॉल जिंकायचे. दोन्ही खांदे तीन मोजेपर्यंत टेकवले की फॉल, समोरच्याने हार कबूल केली तरी फॉल. दहा मोजेपर्यंत उठला नाही तर तिथेच निकाल. पडलेल्याला मारायचं नाही. मारलंच तर पंच जाहीर ताकीद देतो, आणि तिसऱ्या ताकिदीला घरी.

मी दहापैकी गुण देणार आहे. पाच डावपेचांना, तीन गोष्टीला, दोन प्रेक्षकांना.

पहिली लढत : जिम ब्रेक्स वि. डायनामाइट किड, १९७७, ब्रिटिश लाइटवेट किताब.

ब्रेक्स ब्रॅडफर्डचा. अंगाने लहान आणि स्वभावाने गल्लीतलं ते पोर, जे आउट झालं की बॅट घेऊन घरी जातं. पंचाने काही म्हटलं की पाय आपटणार, तोंड वेडंवाकडं करणार, आणि अख्खं सभागृह "क्राय बेबी" म्हणून ओरडणार. पण त्याचा हात बघा, कुठे जातो ते. पहिल्या राऊंडपासून तो समोरच्याच्या एकाच हातामागे लागलेला असतो. मनगट, कोपर, खांदा. रडतो लोकांसाठी आणि काम करतो हातावर. शेवटी तो हात पिरगाळून हार वदवून घ्यायची त्याची एक खास पकड आहे, तिचं नावच 'ब्रेक्स स्पेशल'. डायनामाइट तेव्हा अठराचा, गोलबॉर्नचा पोरगा, अंगावर मांस म्हणून नाही. पण तो उसळतो तेव्हा रिंगचं लाकूड वाजतं. इतक्या हलक्या पोराने अनुभवी किताबवाल्याला हरवलं, हे पटतं का? मला पटलं, कारण ब्रेक्सने पटवून दिलं. हरणाऱ्याने इतकं सुंदर हरावं हे मी दुसरीकडे पाहिलं नाही.

गुण ९. एक गुण मागे ठेवला, पुढे लागेल.

वाचक_क्र_९

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तांबडी_माती

धागाकर्ते, राग मानू नका, पण गुण कशाला देताय? निकाल आधी ठरलेला. आमच्याकडं याला नुरा कुस्ती म्हणत्यात. खासबागेत असली कुस्ती धरली असती तर लोकांनी पैलवानांना मैदानातनं उठवून लावलं असतं. तीन मोजंपर्यंत खांदं टेकवून कोण पडून राहतंय? पाठ लागली, आसमान दिसलं, झालं. मोजायचं काय त्यात?

आणि लंडनचंच बघायचं तर १९१० चं बघा. १० सप्टेंबरला गामासमोर झिबिस्को पालथा पडून दोन तासांवर मातीला (तिकडं गादीला) चिकटून राहिला. सुटंना म्हणून कुस्ती बरोबरीत सोडली आणि पुन्हा १७ तारीख ठरली, तर हा गडी आलाच नाही. १९२८ ला पतियाळात पुन्हा गाठ पडली, मिनिटभराच्या आत चीत. ती कुस्ती. बाकी तमाशा, आणि तमाशाला मी नावं ठेवत नाही, पण तमाशाला कुस्ती म्हणू नका.

चार_वाजले

माती, नुराच आहे, मान्य. १९८५ मध्ये जॅकी पॅलोने आत्मचरित्रात सगळं सांगून टाकलं आणि बाकीच्यांनी त्याला वाळीत टाकल्यासारखं केलं. पॅलो म्हणजे केसांना रिबन बांधणारा, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालणारा, साठच्या दशकातला सगळ्यात नखरेल गडी. त्याचं आणि मिक मॅकमॅनसचं वैर इतकं गाजलं की १९६३ च्या एफए कप अंतिम सामन्याच्या दिवशी, फुटबॉलच्या आधी, यांची लढत टीव्हीवर होती. मॅकमॅनस बुटका, काळे कुळकुळीत केस, आणि कानाला हात लागला की बोंब. लोक मुद्दाम "कान! कान!" म्हणून ओरडायचे. साठच्या दशकातलं चित्रण फारसं उरलेलं नाही, त्यामुळे या दोघांना मी गुण देऊ शकत नाही. हळहळ आहे.

पण निकाल ठरलेला असला म्हणून हात पिरगाळलेला खोटा नसतो. संगीत नाटकात शेवट ठाऊक असूनही आपण तान मोजतोच ना?

तांबडी_माती

तान घ्यायला दुसऱ्यानं पडून द्यायला लागत नाही.

वाचक_क्र_९

हा पॉइंट मातीला.

वरळीचा_वारा

नुरा कुस्तीला नाकं मुरडणाऱ्यांनी मुंबईचा इतिहास विसरू नये. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँग यांच्या कुस्त्यांना माणूस माणसावर चढायचा. आमचे वडील गिरणीत होते. पहिली पाळी संपवून थेट तिकडे. किंग काँग हा मूळचा हंगेरीचा, अंगाने डोंगर. दारासिंगने त्याला उचलला की गिरणगावातल्या प्रत्येकाला वाटायचं आपणच उचलला. वडिलांना कोणी "ते खोटं असतं" म्हटलं तर ते म्हणायचे, "घाम खरा होता." यापुढे त्यांचं म्हणणं नसायचं.

तेव्हा त्याला 'फ्रीस्टाईल' म्हणायचे. ऑलिम्पिकमधली फ्रीस्टाईल वेगळी, पण हे नाव असं चिकटलं की आजही पालिकेच्या सभेत नगरसेवक एकमेकांवर खुर्च्या फेकतात तेव्हा पेपरात 'फ्रीस्टाईल हाणामारी' छापून येतं. आणि आघाडीतले दोन पक्ष खोटं भांडले की 'नुरा कुस्ती'. म्हणजे राजकारणाला लागणारे दोन्ही शब्द आखाड्याने पुरवले.

चिकित्सक

अवांतर, पण विषय निघालाच आहे तर : नव्वदीतल्या त्या हिंदी सिनेमात अक्षय कुमारने उचललेला अंडरटेकर खरा नव्हता. तो ब्रायन ली. हे मला कळलं तेव्हा मी तिशीत होतो. अजून सावरलेलो नाही.

चार_वाजले

दुसरी लढत : जॉनी सेंट वि. स्टीव्ह ग्रे. या दोघांच्या बऱ्याच आहेत, कुठलीही काढा.

त्या काळातलं एकच चित्र ठेवायचं तर मी हे ठेवेन. सेंट लाइटवेटचा जगज्जेता, आणि 'हजार पकडींचा माणूस' ही त्याची जाहिरात. हजार मी मोजल्या नाहीत, पण पुनरावृत्ती पकडायला मला तिसरा व्हिडिओ लागला. ग्रे मनगट धरतो. सेंट सुटायची घाई करत नाही. आधी हात कुठून अडकलाय ते बघतो, एक बोट सोडवतो, मग खांदा आत घालतो, कोलांटी, आणि उठतो तेव्हा ग्रेचं मनगट सेंटच्या हातात. कुलूप उघडणाऱ्या कारागिराकडे बघावं तसं वाटतं.

मग ते सुप्रसिद्ध गाठोडं. सेंट मॅटवर पाय मुडपून, हात आत घेऊन, डोकं खाली घालून गोळा होऊन बसतो. धरायला टोकच नाही. ग्रे चहूबाजूंनी फिरतो, ढकलून बघतो, आणि हात घातला की तिथूनच सेंट त्याला पलटी देतो. ही युक्ती मूळ डंडीच्या जॉर्ज किडची. किड हा आधीचा लाइटवेट जगज्जेता आणि सेंटला घडवणारा.

यात कोणी व्हिलन नाही. चांगला डाव पडला की दोघे हात मिळवतात, आणि समालोचक केंट वॉल्टन हळू आवाजात सांगतो की हे आता फारसं बघायला मिळत नाही. वॉल्टनचा आवाज म्हणजे शेजारी बसून कुजबुजणारा जाणता माणूस. जन्म कैरोचा, एरवी पॉप गाण्यांचा कार्यक्रम करायचा. दर आठवड्याला "ग्रीटिंग्ज, ग्रॅपल फॅन्स" म्हणून सुरुवात. ओरडणं शून्य. आपल्या मैदानांवरच्या निवेदकाच्या बरोबर उलट. आपला निवेदक पैलवानाचं गाव, वस्ताद, आजोबा, खुराक सगळं एका दमात सांगतो आणि तेवढ्यात कुस्ती निकालात निघालेली असते.

डावपेच ५, गोष्ट २ (गोष्ट जवळजवळ नाहीच), प्रेक्षक २. एकूण ९. सेंट पुढे सत्तरीतही रिंगमध्ये उतरला, आणि २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने ब्रिटनमधल्या आपल्या कार्यक्रमाचा जनरल मॅनेजर म्हणून त्यालाच पडद्यावर आणलं.

क्रॉयडनची_काकू

मी या धाग्यावर यायला हवंच होतं. १९७९ पासून क्रॉयडनला आहे. आमच्या शेजारी एक इंग्रज बाई राहायच्या, विधवा, चर्चला जाणाऱ्या, कुत्र्याशी सुद्धा 'प्लीज' म्हणून बोलणाऱ्या. फेअरफील्ड हॉलला कुस्ती असली की या बाई पुढच्या रांगेत. एकदा मला घेऊन गेल्या. मी साडी, वर कोट, पायात बूट. पहिल्या राऊंडला बाई शांत. दुसऱ्या राऊंडला त्या जाड्याने मागून मारलं आणि बाई उठल्या, रिंगच्या कडेशी गेल्या आणि त्याच्या पोटरीवर पर्स हाणली! परत आल्या, बसल्या, मला म्हणाल्या, "सॉरी डियर." अशा आज्या तिथे रांगेने होत्या. जुने लोक सांगायचे की पूर्वी टोपीच्या पिनाही टोचायच्या.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ह्यांना वाटलं मी थापा मारतेय.

खोटं की खरं हा प्रश्न त्या बाईंना कधी पडला असेल असं मला वाटत नाही. देवळातल्या कीर्तनात आपण रडतो तेव्हा कुठे विचारतो?

वाचक_क्र_९

काकू, स्वतंत्र धागा काढा. पोटरीवर पर्स 😂

चार_वाजले

काकू, तुमच्या शेजारीणबाईंना माझे दोन्ही प्रेक्षकगुण बिनशर्त.

तिसरी : मार्क 'रोलरबॉल' रोको वि. मार्टी जोन्स, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या.

हे सेंटच्या दुसऱ्या टोकाला. रोको एका जागी तीन सेकंद थांबत नाही. दोरावर आपटून येतो, खांबावर जातो, बाहेर पडतो, आत येताना मारतच येतो. जोन्स मात्र विगनच्या बिली रायलीच्या तालमीत घडलेला. माती, तुम्हाला ही तालीम आवडेल. कोळसा खाणींच्या गावातलं साधं पत्र्याचं शेड, नाव 'स्नेक पिट', आणि शिकवायचे ते लँकाशायरचं 'कॅच', म्हणजे निकाल न ठरवता धरायची खरीखुरी कुस्ती. बिली रॉबिन्सन तिथला, कार्ल गॉच तिथे शिकून जपानला गेला आणि जपानी त्याला 'कुस्तीचा देव' म्हणायला लागले. म्हणजे रिंगमध्ये नुरा खेळणारे हे लोक तालमीत नुरा नव्हते.

जोन्सची पकड आणि रोकोचा धुडगूस यांची जोडी अशी जुळते की दहा वर्षांनंतरची अमेरिकन कुस्ती याच्यापुढे संथ वाटते. रोको पुढे जपानमध्ये 'ब्लॅक टायगर' झाला. त्याच्यासमोरचा टायगर मास्क म्हणजे सातोरू सायामा, आणि हा सायामा त्याआधी ब्रिटनमध्ये पिवळा ट्रॅकसूट घालून 'सॅमी ली' नावाने खेळायचा, ब्रूस लीचा नातेवाईक म्हणून! टायगर मास्कची पहिली लढत २३ एप्रिल १९८१, टोकियो, आणि समोर कोण, तर आपला गोलबॉर्नचा डायनामाइट. एका शनिवारच्या कार्यक्रमातली चार पोरं जगभर अशी सांडली.

डायनामाइटचा शेवट मात्र वाईट. पाठ गेली, चाकाच्या खुर्चीत गेला, आणि २०१८ मध्ये साठाव्या वाढदिवशीच वारला. ट्रम्प कार्डांतला ब्रिटिश बुलडॉग हा त्याचा भाऊ.

गुण १०. मागे ठेवलेला एक इथे दिला.

चिकित्सक

१. भाऊ म्हणजे चुलत-मावस यातला, सख्खा नव्हे.
२. मागच्या लढतीतला गुण पुढच्या लढतीला देता येतो हा नियम पहिल्या पोस्टमध्ये नव्हता.

चार_वाजले

घर माझं, नियम माझे.

चौथी. आता जरा शिव्या खायची तयारी ठेवतो. बिग डॅडी वि. जायंट हेस्टॅक्स, वेम्बली अरीना, १८ जून १९८१.

ब्रिटनमध्ये कोणालाही विचारा, याच दोघांची नावं येतील. डॅडीचं खरं नाव शर्ली क्रॅबट्री. हो, शर्ली. हॅलिफॅक्सचा, पन्नाशी गाठलेला, छाती ६४ इंच. बायकोने सोफ्याच्या छापील कापडातून त्याचा पहिला पोशाख शिवला होता. हेस्टॅक्स पावणेसात फुटांवर, दाढी, विस्कटलेले केस, उसाच्या फडातून उठून आल्यासारखा. १९७५ पासून दोघे एकाच बाजूने खेळायचे, मग फूट पडली आणि वर्षानुवर्षं लोकांना हीच लढत हवी होती.

झालं काय? तीन मिनिटंसुद्धा पुरी नाहीत. पोटाने पोटाला धक्का, परत धक्का, हेस्टॅक्स बाहेर, मोजणी, संपलं. प्रेक्षकांचं "ईझी! ईझी!" चालूच. कुठलीही पकड नाही. पट नाही, कब्जा नाही, साधी खडाखडीसुद्धा धड नाही. दोन एसट्या स्टँडात वळताना एकमेकींना घासाव्यात एवढंच.

आणि याचं कारण घरातलं. डॅडीचा भाऊ मॅक्स क्रॅबट्री हाच कुस्त्या ठरवणारा. मग दर आठवड्याला एकच साचा : डॅडीबरोबर एक पोरगेला जोडीदार, तो पोरगा दोन राऊंड मार खाणार, मग डॅडीला टाळी देणार, डॅडी येऊन पोटाने दोघांना पाडणार. सॅमी ली, पोरसवदा डेव्ही बॉय स्मिथ (तोच पुढचा ब्रिटिश बुलडॉग), सगळ्यांनी हा मार खाल्ला. सेंट-ग्रेसारख्यांना त्या सावलीत राहावं लागलं. पोरांनी डॅडीला डोक्यावर घेतलं, पण मोठ्यांनी हळूहळू टीव्ही बंद केला असं माझं मत.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये ग्रेट यार्मथला डॅडीने अंगावर उडी घेतल्यावर माल कर्क हा पैलवान रिंगमध्येच कोसळला आणि वारला. त्याला आधीच हृदयविकार होता असं चौकशीत निघालं, डॅडीवर ठपका आला नाही. त्यानंतर जुने व्हिडिओ बघताना ती उडी आली की मी पुढे ढकलतो.

डावपेच ०, गोष्ट १, प्रेक्षक ०. एकूण १.

क्रॉयडनची_काकू

इतकं कठोर होऊ नका हो. माझा मुलगा सात वर्षांचा होता. शाळेत त्याला रंगावरून बोलायचे. शनिवारी चार वाजता तो उशीला बांधून पोट करायचा आणि सोफ्यावरून उडी मारायचा, "ईझी! ईझी!" त्या अर्ध्या तासात तो शाळेतल्या सगळ्यांना पाडायचा. टायगर दलीबर सिंग असला की मात्र पोट सोडून डोक्याला टॉवेल गुंडाळायचा. आपला माणूस टीव्हीवर.

वरळीचा_वारा

काकू, टॉवेलवर मी फिदा.

अवांतर : दुसऱ्या इंडियाना जोन्समध्ये अमरीश पुरींच्या पदरी जो धिप्पाड पहारेकरी आहे, शेवटी दगड फोडायच्या यंत्रात जातो तो, तो याच कार्यक्रमातला पैलवान पॅट रोच. पहिल्या भागात विमानाच्या पंख्यात जाणारा जर्मनही तोच. बिचारा प्रत्येक वेळी यंत्रातच.

चार_वाजले

पाचवी लढत नाही, विधी आहे. केंडो नागासाकी, वुल्व्हरहॅम्प्टन सिव्हिक हॉल, २० डिसेंबर १९७७.

जपानी सामुराई म्हणून खेळणारा हा माणूस मूळचा स्टोकचा, पीटर थॉर्नली. मुखवटा, तलवार, मीठ, आणि तोंडातून अक्षर नाही. बोलायचं काम मॅनेजर जॉर्ज जिलेटचं. चेहरा कोणी पाहिलेला नाही हीच सगळी कमाई. आणि एके दिवशी त्याने स्वतःहून मुखवटा काढायचं ठरवलं. झगे घातलेले लोक, होमासारखा अग्नी, जणू गुरुचरित्राची समाप्ती चाललीय. मुखवटा निघतो तर आत काय? तासलेलं डोकं, त्यावर गोंदण, मागे लांब शेंडी! मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. पेशवाईतला भिक्षुक उभा केलाय असं वाटलं. फक्त डोळे लालभडक. मुखवटा अग्नीत टाकतात आणि सभागृह गप्प.

गोष्ट ३ पैकी ४.

चिकित्सक

दोन दुरुस्त्या. एक, त्याचा चेहरा आधी दिसला होता : डिसेंबर १९७५, सोलिहल, मुखवटा ओढून काढणारा तुमचा नावडता बिग डॅडी. दोन, पुढे १९८६ मध्ये नागासाकी परत आला तो पुन्हा मुखवटा घालूनच. म्हणजे होमात काय जाळलं?

चार_वाजले

कापड. विधी तरीही विधी.

सहावी थोडक्यात : लेस कॅलेट वि. लिऑन आरास. कॅलेट मार खाऊन झोकांड्या खातो, डोळे फिरवतो, आता पडणार इतक्यात वाकतो आणि समोरच्याचा ठोसा हवेत. दारुड्याचं सोंग इतकं अचूक की पंचसुद्धा हसतो. बाहेर तो हॉटेल आणि डुकरं सांभाळायचा, आणि बाकीचे पैलवान त्याला मनापासून घाबरायचे. 'पॅरिसचा' लिऑन आरास म्हणजे बार्न्सलीचा शाळामास्तर ब्रायन ग्लोव्हर, पुढे मोठा नट झाला. केन लोचच्या १९६९ च्या सिनेमात खेळाचा खडूस मास्तर तोच. आम्हाला नववीला असा एक होता.

गुण ८.

तांबडी_माती

एक सांगायचं होतं. रविवारी गावाकडं गेलतो. थोरले चुलते तालमीतले, वय ८१, कान ठेचलेले, अजून पहाटं उठत्यात. त्यांना मोबाईलवर सेंट-ग्रे लावून दिली. म्हटलं, बघा, आमच्याकडं एक जण याला नऊ गुण देतोय.

अण्णांनी पाच मिनिटं बघितलं. म्हणाले, "पोराचं पाय चांगलं हैत. पण हात सोडवला की परत कशाला देतोय? आलेला कब्जा कोण सोडतं?" ते गाठोडं आलं तेव्हा म्हणाले, "याला आम्ही तालमीत लाथ घातली असती." मला लई बरं वाटलं. म्हटलं धाग्यावर जाऊन सांगतो.

तेवढ्यात पुढचा व्हिडिओ आपोआप लागला. बिग डॅडी. मोबाईल परत मागितला तर देईनात. नातवाला हाक मारली, सुनेला हाक मारली. "ए, बघा गं, केवढा हाय!" तो जाड्या दोरावरनं पडला तसं अण्णा कॉटवर उठून बसले आणि मांडीवर शड्डू ठोकला. तीन वेळा परत लावायला लावलं. मी म्हटलं, अण्णा, ही नुरा हाय. तर म्हणतात, "ठाऊक हाय मला. गप बस."

वाचक_क्र_९

🙏🙏🙏

चिकित्सक

धागाकर्त्यांच्याच सूत्राप्रमाणे प्रेक्षकांना दोन गुण राखीव आहेत. वेम्बलीच्या लढतीला तुम्ही तिथे शून्य दिलंय, तेही "ईझी! ईझी!" स्वतः नोंदवून. हे हिशेबात बसत नाही.

क्रॉयडनची_काकू

माझ्या मुलाचं आणि अण्णांचं धरून दोन्ही द्या.

चार_वाजले

पहिलं म्हणजे, माती, अण्णांचा कब्जाचा मुद्दा मी दोन दिवस घोळवतोय. तो बरोबर आहे. सेंट हात परत देतो कारण त्याला पुढची गंमत दाखवायची असते. मैदानातला माणूस तसं करणार नाही. सेंट-ग्रेचे डावपेच ५ वरून ४ करतो. त्याखाली जाणार नाही, भांडलात तरी.

वेम्बली : प्रेक्षक २. एकूण ३. काकूंच्या टॉवेलमुळे आणि अण्णांच्या शड्डूमुळे, बिग डॅडीमुळे नाही, हे नोंदवून ठेवा.

पुढच्या शनिवारी एड्रियन स्ट्रीट घेतो. वेल्सच्या खाणकामगाराचा मुलगा, चेहऱ्याला रंग, अंगावर झगमगाट, आणि मार बसण्याआधी समोरच्याचा मुका घ्यायचा. १९७३ मध्ये तो त्याच पोशाखात बापाच्या खाणीवर जाऊन कोळशाने माखलेल्या बापाशेजारी उभा राहिला. तो फोटो आधी शोधून बघा, मग या.

तांबडी_माती

अण्णा विचारतायत, त्या दाढीवाल्याची आणखी आहेत का.